वाकळेतला तांबडा तुकडा

माझ्याकडे एक वाकळ आहे. पावणेसात फूट लांब, चार फूट रुंद. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती उलगडून दाखवायची आणि तिची गोष्ट सांगायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय.

गोष्ट अशी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी सहा वर्षांची होते. उंब्रजला आमचे घर मातीच्या भिंतींचे. आढ्यावरून माती झरू लागली, फळीवरची भांडी खणाणली. आजीने मला याच वाकळेत गुंडाळले आणि अंगणात आणले. बाहेर टिपूर चांदणे होते. वाकळेच्या मधोमध असलेला हा तांबडा चौकोन मला त्या चांदण्यात स्पष्ट दिसत होता. तो तुकडा माझ्याच जुन्या झग्याचा.

गेल्या उन्हाळ्यात कळले, की या गोष्टीतल्या तीन गोष्टी खऱ्या नाहीत. त्या रात्री चांदणे नव्हते, वाकळ ती नव्हती आणि झगा माझा नव्हता. हे कसे कळले आणि त्यातून वाकळेविषयी व आठवणीविषयी काय उमगले, ते या लेखात मांडते आहे.

लुगड्यापासून वाकळेपर्यंत

महाराष्ट्रभर जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. कर्नाटकात उतरले, की ती कौदी होते. तान्ह्या बाळासाठी शिवले तर ते दुपटे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तकच केले आहे. पण ज्या घरांत वाकळा शिवल्या गेल्या, तिथे कुणी त्यांना कला म्हटले नाही. थंडी निवारायची होती आणि जुने कापड टाकून द्यायचे नव्हते, एवढेच कारण.

तिचा हिशोब लुगड्यावर बसवलेला आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे भाग केले, की प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा थोडा जास्त. लुगड्याचा पन्हा चार फुटांच्या आसपास. एका जुन्या लुगड्यात एका माणसाच्या वाकळेचे चार थर निघतात. पोटात धोतर, सदरे, फाटके टॉवेल, जे असेल ते जाते. वरच्या बाजूला त्यातल्या त्यात धड कापड लागते आणि जिथे ते विरलेले असेल तिथे रंगीत तुकडा बसतो. तुकडा आधी गरजेचा असतो, नक्षी त्याच्या मागून येते.

काम उन्हाळ्यात चाले. सुगी आटोपलेली, पाऊस लांब आणि अंगण कोरडे. सारवलेल्या जमिनीवर थर अंथरायचे, सुरकुती राहू नये म्हणून हाताने ताणायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मग साधा धावदोरा. कडेने सुरुवात करून आत आत जायचे, एकात एक चौकोन करत मध्यापर्यंत. दोघी-तिघी बायका वेगवेगळ्या कडांना बसत. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जी कवंदी शिवतात, तीही कडेकडून मध्याकडेच जाते. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

वाकळ उबदार का, याचे उत्तर टाक्यांत आहे. ऊब कापडापेक्षा कापडांमध्ये अडकलेल्या हवेची असते. टाके थरांना सरकू देत नाहीत, आणि प्रत्येक दोन टाक्यांमध्ये हवेचा छोटा कप्पा धरून ठेवतात. शेकडो वेळा धुतलेल्या सुताची खळ केव्हाच गेलेली असते, म्हणून नव्या चादरीपेक्षा ती अंगाला मऊ लागते.

आणि तिला वास असतो. आमच्या वाकळेला चुलीच्या धुराचा आणि उन्हाचा आहे. वासाची वाट मेंदूत भावना आणि स्मरण सांभाळणाऱ्या भागांशी फार जवळून जोडलेली असते. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या निघतात, असे मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसले आहे. वाकळेत तोंड खुपसले, की मी सहा वर्षांची होते. म्हणूनच तिच्याविषयी मी सांगत आले त्यावर मला कधी शंका आली नाही.

वाकळ वाचताना

गेल्या वर्षी वाकळेची एक कड उसवली. ती नीट करून काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावावी, असा विचार होता. आत्याकडे घेऊन गेले. आत्या वडिलांची धाकटी बहीण, आता पंचाहत्तरीची. तिने वाकळ मांडीवर घेतली, कडेने बोट फिरवले आणि म्हणाली, "ही व्हय भूकंपातली? न्हाई गं. ही दुष्काळातली. ह्या कडंला माजं टाकं हाईत."

आत्या डावखुरी. एका कडेचे सगळे टाके इतर तिन्ही कडांच्या उलट बाजूला कललेले होते. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते. ती म्हणाली, की लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, दुष्काळाच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली होती, तेव्हा आजी, आई आणि ती अशा तिघींनी ही वाकळ घातली. म्हणजे १९७३. भूकंपानंतर साडेपाच वर्षांनी.

मी मानायला तयार नव्हते. मग आम्ही उसवलेल्या कडेतून आत पाहिले. वाकळेचे वय काढायचे तर तिचे पोट बघावे लागते. वाकळ विरली, की तिच्यावरच नवे कापड चढवतात, म्हणून सर्वांत जुने कापड बहुधा सर्वांत आत सापडते. आमच्या वाकळेत अगदी आतल्या थरालाच निळसर रेघांच्या सदऱ्याची बाही होती. तिचे दोन-तीन धागे ओढून आत्याच्या देवघरातल्या निरांजनावर धरले. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसतो, वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. आमचे धागे जळले, आणि टोकाला बारीक काळा मणी राहिला. टेरिकॉट. आत्याने लगेच सांगितले, "थोरल्या दादाच्या लग्नातला सदरा. म्हमईस्नं आणल्याला." थोरल्या काकांचे लग्न १९६९ सालचे. १९६७ च्या वाकळेच्या पोटात १९६९ चा सदरा असणार कसा?

थोरले काका मुंबईच्या गिरणीत होते. सातारा जिल्ह्यातल्या असंख्य घरांतला एक पुरुष तेव्हा लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहत असे. तो गावी पैसे धाडी आणि सणाला येताना कापड आणी. आमच्या घरातल्या वाकळा ओळीने मांडल्या, तर गिरणगावाचा इतिहास त्यांत दिसतो. सत्तरीच्या दशकातल्या वाकळांत गिरणीच्या दुकानातले स्वस्त तुकडे भरपूर आहेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर त्यांच्यातले कितीतरी गिरणीत परतलेच नाहीत. काकाही नाहीत. त्यानंतरच्या आमच्या वाकळांत मुंबईचे कापड नाही. आहे ते बहुतेक सिंथेटिक साड्यांचे, ज्यांची वाकळ ना नीट ऊब देते ना घाम शोषते.

मग भूकंपातली वाकळ कुठे गेली? आत्या म्हणाली, "तारळ्याकडच्या पावण्यांचं घर पडलं, ती समदी आपल्याकडं आली. जाताना आयनं तीन वाकळा दिल्या त्यास्नी. आपून त्यो हिवाळा घोंगड्यावं काढला." ते पाहुणे आणि तो घोंगड्यावरचा हिवाळा मला अजिबात आठवत नाही.

चांदण्याचा निकाल पंचांगाने लावला. भूकंप झाला पहाटे चारच्या सुमारास, ४ वाजून २१ मिनिटांनी. तेव्हा मार्गशीर्षाचा शुद्धपक्ष होता, नवमी-दशमीच्या आसपासची तिथी. त्या तिथीचा चंद्र मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मावळतो. आम्ही अंगणात आलो तेव्हा अंधार होता. त्या अंधारात मला तांबडा रंग दिसणे शक्य नव्हते.

आठवण कशी शिवली जाते

म्हणजे मी इतकी वर्षे खोटे बोलत होते का? नाही. याचे उत्तर शोधताना मी थोडे वाचन केले.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचे आठवणीवरचे पुस्तक १९३२ सालचे. त्यांनी लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला दिली आणि दिवस, महिने उलटल्यावर ती पुन:पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा बदलत गेली. अनोळखी तपशील गळाले, त्यांच्या जागी सांगणाऱ्याच्या ओळखीचे तपशील आले. बार्टलेट यांचा निष्कर्ष असा, की आठवणे म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू काढणे नव्हे. आठवण आपण दर वेळी नव्याने रचतो.

अमेरिकेत अल्रिक नाइसर यांनी हेच मोठ्या घटनांच्या बाबतीत तपासले. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळले. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून त्यांनी लिहून घेतले, की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरे पार बदललेली होती, आणि तरीही ते छातीठोकपणे बोलत होते. पण नाइसर यांचाच आणखी एक अभ्यास माझ्या कामाचा ठरला. १९८९ साली कॅलिफोर्नियात भूकंप झाला. जे प्रत्यक्ष त्यात सापडले होते, त्यांनी दीड वर्षानंतरही आपला अनुभव जवळजवळ बिनचूक सांगितला. ज्यांनी दूर राहून बातमी ऐकली होती, त्यांची आठवण मात्र पुसट झाली होती.

म्हणून आढ्यावरची माती, भांड्यांचा आवाज आणि आजीच्या छातीशी दाबले जाणे, एवढे माझे असावे. पण ज्या वाकळेत मला गुंडाळले ती घरातून गेली, आणि नंतर आलेली वाकळ पुढची कितीतरी वर्षे माझ्या अंगावर राहिली. जी वस्तू उरते, तिच्यावर न उरलेल्या वस्तूंच्या आठवणीही येऊन बसतात. मी गोष्ट सांगताना हातात हीच वाकळ असे, म्हणून गोष्टीतही हीच आली. तांबडा चौकोन नजरेत होता, तो दिसायला उजेड हवा, म्हणून चांदणेही आले. हे सगळे मी मुद्दाम केले नाही. विरलेल्या जागी तुकडा बसवावा तसे ते बसत गेले.

मराठीत नॉस्टॅल्जियाला आपण स्मरणरंजन म्हणतो. मूळ शब्द मात्र एका दुखण्याचे नाव होता. १६८८ साली बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो घडवला. परमुलखात राहणारी माणसे घराच्या ओढीने झुरतात, खंगतात, त्या दुखण्याला त्याने हे नाव दिले. आपल्या शब्दात रंजन तेवढे उरले, दुखणे गळाले. माझ्या गोष्टीतूनही तसेच काहीतरी गळाले होते. ते मला तांबड्या तुकड्यापाशी सापडले.

झगा की परकर

आत्या तांबड्या चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ह्यो तुजा न्हवं. तुज्या आक्काचा परकर हाय ह्यो."

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आता वाळवा तालुक्यात असते. मी ही वाकळ तिच्यासमोरही किती जणांना दाखवली असेल, "हा माझा झगा" म्हणत. तिने एकदाही मला टोकले नव्हते.

घरी येऊन तो तुकडा मी प्रथमच नीट पाहिला. एक वितीहून मोठा, अखंड. सहा वर्षांच्या मुलीच्या झग्यातून एवढा सलग तुकडा निघणे अवघडच. आणि त्यावर दोन आडव्या पट्ट्या होत्या, बाकीच्या कापडापेक्षा गडद. शिवणकाम येणाऱ्या कुणालाही त्याचा अर्थ कळेल. परकराच्या खालच्या अंगाला दुमड घालून ठेवतात आणि मुलगी वाढेल तशी ती उसवून परकर खाली सोडतात. दुमडीत लपलेल्या कापडाला ऊन लागत नाही, त्याचा रंग ताजा राहतो. हा परकर दोनदा वाढवलेला होता. तो झरझर उंच होत जाणाऱ्या मुलीचा होता. हे कापडावर स्वच्छ लिहिलेले होते, मी वाचले नव्हते इतकेच.

आक्काकडे गेले. वाकळ तिच्यासमोर ठेवली. ती हसली आणि म्हणाली, "पालच्या खंडोबाच्या जत्रंत घेतला हुता आबांनी. त्यो नेसूनच साळंला जायाची मी. नववीपतोर."

नववीपर्यंतच. १९७२ च्या दुष्काळात आमची डोंगराकडची शेती करपली. घरातले दोन माणूस रस्त्याच्या दुष्काळी कामावर जायला लागले, आई आणि आक्का. ती सोळा वर्षांची होती. खडी फोडायला परकर चालत नाही. आईचे जुने लुगडे नेसून ती जाऊ लागली. मी पाचवीत होते. माझी शाळा सुटली नाही. पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, निवृत्त झाले.

"कापताना आईनं इचारलं, कापू का गं?" आक्का म्हणाली. "म्या म्हनलं, काप. आता कुटं साळंला जायाचंय."

मी विचारले, की इतकी वर्षे मी माझा झगा म्हणत होते, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू सांगायचीस ते लोकं आईकायची. माज्या परकराचं काय सांगायचं हुतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दुष्काळातली खडी ती फोडत होती आणि आठवण मात्र माझ्या नावावर झाली होती, कारण चार लोकांत बोलण्याची सवय मला होती. शिक्षणाने दिलेल्या गोष्टींत ही एक गोष्ट आहे, हे मी कधी मोजले नव्हते.

कापडाला नाव हवे

बालपण आणि कापड यांच्यावर काम केलेल्या दोन चित्रकर्तींची मला इथे आठवण होते. लुईझ बूर्ज्वा पॅरिसमध्ये १९११ साली जन्मल्या. आईवडिलांचा जुन्या विणलेल्या भिंतचित्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय होता. लहानपणी त्या चित्रांतल्या झिजून गेलेल्या भागांची रेखाटने त्या करून देत. म्हातारपणी त्यांनी आपलेच साठवलेले कपडे आणि लग्नातले रुमाल कापून, शिवून २००२ मध्ये एक कापडी पुस्तक केले. त्याच्या नावाचा अर्थ 'विस्मरणाचे स्तोत्र'. दुसऱ्या फेथ रिंगगोल्ड. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या गच्चीवरच्या उन्हाळी रात्री त्यांनी १९८८ साली 'टार बीच' या गोधडीत उतरवल्या. त्यांच्या पणजीच्या आईने गुलामीच्या काळात गोधड्या शिवल्या होत्या. रिंगगोल्ड यांनी एक जास्तीची गोष्ट केली: गोधडीवरच शब्दांत कथा लिहिली.

कापडावर लिहिणे आपल्यालाही नवे नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे चाळीस फुटांच्या कापडावर लिहिलेला ग्रंथ. आमच्या वाकळांवर मात्र कुणी काही लिहिले नाही. कुठला तुकडा कुणाचा हे शिवणारीला पाठ असे, आणि ती असेपर्यंत लिहायची गरजही नव्हती. ती गेली, की ऊब राहते, माहिती जाते. मग माझ्यासारखी कुणीतरी उरलेल्या जागी स्वतःला बसवते.

म्हणून ज्यांच्या घरी जुनी वाकळ आहे आणि ती शिवणारी किंवा शिवताना पाहिलेली कुणी हयात आहे, त्यांनी एक दुपार काढावी. वाकळ उजेडात अंथरावी, कागदावर तिचा नकाशा काढून तुकड्यांना क्रमांक द्यावेत आणि एकेक विचारत जावे. आपल्याला काय वाटते ते आधी सांगू नये, कारण म्हातारी माणसे आपले मन राखायला 'व्हय' म्हणतात. शक्य तर दोघींना वेगवेगळे विचारावे. जुळले नाही तर दोन्ही लिहावे. नातवंडांना सोबत बसवावे, म्हणजे कागद हरवला तरी कुणालातरी माहीत राहील.

आम्ही तिघींनी तेच केले. घटस्थापनेआधी वाकळा धुवायची आमच्याकडे रीत आहे. पूर्वी त्या दिवसांत उंब्रजला कृष्णा आणि तारळी मिळतात तिथला काठ वाकळांनी रंगून जाई. यंदा आत्याच्या अंगणात नळावरच धुतली, वाळवली आणि मग नकाशा काढला. वरच्या बाजूला सत्तावीस तुकडे निघाले. एकोणीस ओळखता आले. आठांपुढे 'माहीत नाही' असे लिहिले आहे. तीन तुकड्यांवर आत्या आणि आक्काचे एकमत झाले नाही, त्यांच्यापुढे दोन-दोन नावे आहेत.

काचेच्या चौकटीचा बेत मी सोडला. वाकळ आता आक्काकडे आहे आणि ती थंडीत अंगावर घेते. चौदाव्या क्रमांकापुढे काय लिहायचे, ते मी तिच्यावर सोडले. तिने पेन घेतले आणि नववीतल्या मुलीच्या गोल अक्षरात लिहिले: माझा परकर. पालची जत्रा. शाळेसाठी.